रोज तीन तास रियाज, तरी स्पर्धेत नंबर नाही : मेहनतीची हमी असते का?

दौलतगंजची मावशी

नमस्कार मंडळी. घरात महिनाभर एकच वाद चालू आहे, म्हणून इथे टाकते.

भाची सोळा वर्षांची. ख्याल गाते, तालीम ग्वाल्हेर वळणाची. रोज तीन तास रियाज, दिवाळीलाही सुटी नाही. वर्षभरात तीन स्पर्धा झाल्या, तिन्हींत नाव नाही. आजोबा म्हणतात, मेहनत कमी पडली, चार तास करा, फळ मिळालंच पाहिजे. तिचे बाबा म्हणतात, मेहनतीचा आणि बक्षिसाचा संबंध नाही, सगळी लॉटरी. मधल्यामध्ये पोरगी रडकुंडीला.

माहिती अशी : स्वर काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा षड्ज). राग पूरिया, बडा ख्याल विलंबित (संथ) एकतालात, मग द्रुत (जलद) तीनताल. वेळ दहा मिनिटं. रियाज सकाळी एक तास खर्ज (खालचे सूर) आणि अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे), संध्याकाळी एक तास ताना, एक तास ख्याल. साथीला पेटी ती स्वतःच वाजवते, तबला मोबाइलवरचा. तिन्ही वेळा शेरा एकच, ‘तयारी चांगली, मांडणी कमी पडली.’

पुढची स्पर्धा आठ आठवड्यांवर आहे. नियमित रियाजाने यशाची खात्री मिळते का? मिळत नसेल तर नेमकं काय बदलायचं? ‘प्रयत्नांती परमेश्वर’ घरात रोज ऐकू येतं, तेवढं सोडून सांगा.

तिलवाडा सोळा

मावशी, तासांचा हिशेब नंतर. आधी दहा मिनिटांचा करू, कारण गुण त्या दहा मिनिटांना मिळतात.

दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. औचार, म्हणजे सुरुवातीची रागाची छोटी ओळख, ४० सेकंद, शेवटचा द्रुत पावणेतीन-तीन मिनिटं, म्हणजे १७० सेकंद धरा. बड्या ख्यालाला उरले ३९०. आजकाल एकताल ज्या अतिविलंबित लयीत गातात त्यात मात्रा चार सेकंदांची होते, बारा मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं. ३९० मध्ये जेमतेम आठ आवर्तनं बसली. स्थायीला दोन, अंतऱ्याला दोन (हे बंदिशीचे दोन भाग) गेली की हातात राहिली चार. या चारांत मंद्रापासून (खालच्या सप्तकापासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) बढत करायची, म्हणजे राग पायरीपायरीने वर न्यायचा, बंदिशीच्या शब्दांवर आलाप (बोल-आलाप) दाखवायचा, शब्दांवरच एखादी तान (बोलतान) घ्यायची. पोरं काय करतात, पहिली दोन आवर्तनं मंद्रात मुरवत बसतात, तिसऱ्यात गंधारावर येतात आणि चौथ्यात घड्याळ बघून घाबरून तार षड्ज गाठतात. ‘मांडणी कमी पडली’ हा शेरा इथून येतो. गळ्याचा त्यात दोष नाही, लयीची निवडच चुकली.

आता तिलवाडा घ्या. सोळा मात्रा, मात्रा पावणेदोन सेकंदांची, आवर्तन २८ सेकंदांचं. त्याच ३९० सेकंदांत जवळपास चौदा आवर्तनं. स्थायी-अंतऱ्याला चार दिली तरी दहा उरतात. दहा वेळा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची संधी. (दहा वेळा सम चुकायचीही सोय, हे कबूल.) ग्वाल्हेरच्या ख्यालाची चाल मुळात हीच, मध्यविलंबित, स्थायी आणि अंतरा सुरुवातीलाच पूर्ण भरून मग पुढे. तालीम या वळणाची असून मुलगी स्पर्धेत चार सेकंदांची मात्रा का गाते आहे हे मला कळलेलं नाही. बहुतेक ध्वनिमुद्रणं ऐकून. अतिविलंबित झूमरा तालात तासभर रमणारे अमीर खाँसाहेब इंदूरचे, त्यांच्यापुढे वेळेची घंटी घेऊन कोणी बसलेलं नसे.

कोणत्या गोष्टीला गुण आहेत तेही वाचून घ्या. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाच्या नियमांत शास्त्रीय गायनाला दहा मिनिटं, त्याआधी मांडामांडीला जास्तीत जास्त पाच मिनिटं, साथीदार दोनच. निकष म्हणून लिहिलं आहे : स्वर, ताल, रागाची निवड, बंदिश आणि एकूण परिणाम. शाळा-शहर पातळीवरच्या बऱ्याच स्पर्धांचे नियम थोडेफार याच साच्यातले असतात. रागाची निवड हा वेगळा निकष आहे, यावर पुढे कोणीतरी बोलेलच.

मोबाइलच्या तबल्याबद्दल. त्यातला ठेका रोज तंतोतंत तोच. कान त्या ठराविक ‘धा’ला चिकटतो, आणि पडद्यावर मात्रेचा आकडा दिसत असेल तर मग विचारूच नका. व्यासपीठावरचा तबलजी मधे भरणा करतो, तिलवाड्यात तिरकिट जरा लांबवतो, त्याची चाटीही (तबल्याची कडा) वेगळी वाजते. मुलगी सम ऐकायला जाते आणि ऐकू येत नाही. यावर उपाय सोपा आणि कंटाळवाणा :

पहिले दोन आठवडे हाताने ताल देत गायचं, मोबाइल बंद. तिसऱ्या आठवड्यापासून ठेका लावायचा, दोन आवर्तनं झाली की आवाज पूर्ण बंद करायचा, दोन आवर्तनं तशीच गायची आणि परत सुरू करायचा. जिथे ‘धा’ पडेल तिथे आपण आहोत का ते बघायचं. अर्ध्या मात्रेचा फरक चालेल, दोन मात्रांचा नाही. पाचव्या आठवड्यापासून प्रत्यक्ष तबलजी, आठवड्यातून दोन बैठका, आणि शक्य असेल तर दोन वेगळे हात. ग्वाल्हेरात तबलजींचा दुष्काळ नाही.

लय चढते का हे मोजायची युक्ती : पहिल्या आवर्तनाचे सेकंद आणि शेवटच्या आवर्तनाचे सेकंद ध्वनिमुद्रणावरून लिहून काढा. २८ चे २७ झाले तर हरकत नाही, २४ झाले तर ती घाईत आहे, आणि स्पर्धेत यापेक्षा जास्त घाई होईल.

द्रुतात तीनताल मिनिटाला २०० मात्रांचा धरला तर आवर्तन ४.८ सेकंदांचं, १७० सेकंदांत पस्तीस. स्थायी तीन-चारदा, अंतरा दोनदा, ताना आठ ते दहा, प्रत्येकीनंतर मुखडा. यापेक्षा जास्त ताना कोंबू नयेत, अकराव्या तानेला गुण नसतात. शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) तोंडपाठ हवी. समेपासून उचलायची तर पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मधे एकेक मात्रा दम : ५+१+५+१+५ = १७, शेवटचा ठोका पुढच्या समेवर. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलायची तर तीन मात्रांचा तुकडा सलग तीनदा : नऊ, नववा ठोका समेवर. दोन्ही तयार ठेवा. वेळ कमी उरला तर दुसरी कामाला येते.

गांधारी

तिलवाडा सोळा यांनी लय घेतली, मी सूर घेते.

मावशी, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी सहज लिहिली आहे : ‘पेटी ती स्वतःच वाजवते.’ पेटीचे सूर समविभागी असतात, सप्तकाचे बारा सारखे तुकडे. एका तुकड्याचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४०० वर. म्हणजे पेटीचा गंधार चौदा सेंट चढा. निषाद नैसर्गिक १०८८, पेटीचा ११००, बारा सेंट चढा. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, म्हणून पंचम सुरेल लागतो आणि आपल्याला वाटतं सगळंच सुरेल आहे.

आता पूरिया आठवा. वादी (मुख्य सूर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) निषाद, पंचम वर्ज्य. जे दोन सूर रागाचे खांब, नेमके तेच पेटीवर बरेच सरकलेले, आणि ज्या एका सुरावर आधार मिळाला असता तो रागात नाहीच. वर्षभर रोज तीन तास असा रियाज केला तर चढा गंधार पक्का होतो. मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही, ती चोख लागू पडली, फक्त चुकीच्या सुरावर. आजोबांच्या चौथ्या तासाने तो गंधार आणखी पक्का होईल.

पेटी साथीला ठीक, रियाजाला तानपुरा. आणि तानपुऱ्याची पहिली तार बघा. मोबाइलवरचा तानपुरा साधारणपणे पंचमावर लावून येतो. पूरियाला ती तार मंद्र निषादावर हवी. पंचमावरच राहिली तर वर्ज्य सूर दहा मिनिटं कानाशी गुणगुणत राहतो. परीक्षकांना हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं, गाणं सुरू व्हायच्या आधी.

रागाच्या निवडीचं. पूरिया, मारवा आणि सोहनी यांचे सूर तेच, फरक फक्त वजनाचा. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत, पूरियात गंधार आणि निषाद, सोहनी वरच्या सप्तकात खेळते. घाबरलेला गायक धैवतावर जरा जास्त थांबला की मारवा डोकावतो, ताना वर गेल्या की सोहनी. म्हणजे ज्या दोन गोष्टी स्पर्धेच्या ताणात हटकून होतात, त्याच या रागाला घातक. शिवाय पूरियाचा जीव मंद्रात. काळी पाचला षड्ज धरला तर मंद्रातला तीव्र मध्यम १६५ हर्ट्झच्या आसपास जातो. सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज तिथे पातळ होतो, त्यात सकाळची वेळ आणि लांब ठेवलेला माइक. तिने जे सगळ्यात मेहनतीने घोटलं आहे ते तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतही नसेल.

बैठकीत पूरिया जरूर गावा. स्पर्धेत गळ्याचा मधला भाग उजळून दाखवेल असा राग घ्यावा, वर्षभर ज्याची तालीम झाली आहे त्यांतलाच. स्पर्धेसाठी नवा राग बसवायला आठ आठवडे फार कमी.

तीन तासांची वाटणी मी अशी करीन. पहाटेचा खर्ज वीस-पंचवीस मिनिटं पुरे. त्यापेक्षा जास्त वेळ खाली दाबून गाणं ही तपश्चर्या वाटते, पण घसा भरतो. त्यानंतर पाऊण तास फक्त तानपुऱ्यावर रागाचे सूर, एकेका सुरावर दहा-बारा सेकंद थांबून, डोळे मिटून. तानांचा एक तास पंचवीस मिनिटांवर आणा, पण असा : मात्रा मिनिटाला ६०, एका मात्रेत चार सूर. तीन वेळा सलग स्वच्छ आली तरच लय पाचाने वाढवायची, एकदा जरी घसरली तर पाचाने उतरवायची. १२० ला पोचलात की सेकंदाला आठ सूर होतात, स्पर्धेला त्याहून जास्त लागत नाही. आठ आठवड्यांत ९० पर्यंतच पोचली तर स्पर्धेत ९० चीच तान गावी. सहा सूर स्वच्छ वाजले तर आठ धुरकट सुरांपेक्षा जास्त गुण देतात. उरलेला वेळ ख्यालाला.

आणि एक गोष्ट बहुतेक घरांत होतच नाही : पहिला टेक. रियाजात चूक झाली की आपण परत घेतो. पाचव्यांदा जमतं आणि तेच लक्षात राहतं, ‘येतं की तिला.’ स्पर्धेत पाचवी वेळ नसते. आठवड्यातून दोनदा, गळा पाच मिनिटंच तापवून, थेट दहा मिनिटं न थांबता गायचं, मधे काहीही चुकलं तरी. ध्वनिमुद्रण करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं, लगेच नाही. वहीत तीनच रकाने : सूर कुठे घसरला, सम कुठे गेली, शब्द कुठे मोडले. मिनिट-सेकंदासकट. चार टेकनंतर तीच जागा परत परत दिसायला लागेल. पुढच्या आठवड्याचा रियाज त्या जागेचा.

दौलतगंजची मावशी

दोघांचे आभार. तानपुऱ्याची तार आत्ता जाऊन बघितली. पंचमावरच आहे.

बाबांचा प्रश्न बाकी आहे. समजा हे सगळं केलं, तरी नंबर आला नाही तर? मग लॉटरीच म्हणायची ना? आणि परीक्षकांच्या ओळखीपाळखी?

आकडेमोड

लॉटरीच्या मुद्द्याला आकड्यांत उत्तर देता येतं.

समजा स्पर्धक ४०, बक्षिसं ३, आणि सगळे अगदी सारख्या ताकदीचे. एका स्पर्धेत नाव येण्याची शक्यता ७.५ टक्के. तीन स्पर्धांत एकदाही न येण्याची शक्यता ०.९२५ चा घन, म्हणजे सुमारे ७९ टक्के. आता समजा तुमची मुलगी सरासरीपेक्षा बरीच वरचढ आहे आणि तिची शक्यता प्रत्येक वेळी २५ टक्के आहे. तरी तीनदा रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता ४२ टक्के उरते. म्हणून ‘तीनदा हरली’ यावरून ती कच्ची आहे असं ठरत नाही आणि मेहनत निरुपयोगी आहे असंही ठरत नाही. तीन निकाल फार कमी आहेत, आजोबांनाही आणि बाबांनाही.

पण ७.५ आणि २५ यांतला फरक मेहनतीचाच आहे. लॉटरीत जास्त तिकिटं घ्यायला पैसे लागतात, इथे रियाज लागतो. बाबांचा मुद्दा इतपतच खरा.

‘दहा हजार तास’ हा आकडा घरोघरी पोचला आहे, त्याचं मूळ सांगतो. १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता. सरासरी, म्हणजे त्या गटातलेच काही जण त्याच्या बरेच खाली होते. ‘इतके तास करा, पोचाल’ असं त्यात कुठेही नव्हतं. पुढे २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी सरावाने समजावता आला तो भाग संगीतात २१ टक्के, खेळांत १८ टक्के, बुद्धिबळासारख्या डावांत २६ टक्के. हे वाचून ‘मग मेहनतीला २१ टक्केच किंमत’ असं म्हणू नका, तो अर्थ होत नाही. अर्थ एवढाच की सारखे तास केलेल्या दोघांत फरक राहतो, आणि तो बाकी कारणांतून येतो : सुरुवात कोणत्या वयात झाली, समोर बसून चूक दाखवणारा गुरू आहे का, कान मुळात किती तयार. तास मोजण्याच्या पद्धतीही ढोबळ असतात, कोणाच्या तीन तासांत काय चाललं होतं ते आकड्यात येत नाही. गांधारीताईंचा चढा गंधार आकड्यात तीन तासच दिसतो.

परीक्षकांबद्दल. ओळखीपाळखीचा आरोप पुराव्याशिवाय करू नये. पण ओळख नसतानाही निकाल हलतो. ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ ही जगातली मोठी संगीत स्पर्धा. तिच्या अंतिम फेरीत कोण कोणत्या दिवशी वाजवणार हे चिठ्ठ्यांनी ठरतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सुरुवातीच्या दिवसांत वाजवणाऱ्यांचे क्रमांक खाली लागतात, उशिरा वाजवणाऱ्यांचे वर. कोणी लबाडी केली नाही, चिठ्ठीने केलं. सुरुवातीला परीक्षक हात राखून गुण देतात, पुढे कोण येणार हे ठाऊक नसतं ना. आपल्याकडे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात एखाद-दोन गुणांचं अंतर असतं. तेवढं तर परीक्षकाला जेवणाआधी ऐकलं की जेवणानंतर यावरही हलू शकतं.

हातातलं मोजा. निकालाऐवजी पहिल्या टेकमधल्या चुका मोजा. आठ आठवड्यांत त्या बारावरून चारवर आल्या तर रियाज लागू पडतोय, क्रमांक कितवाही येवो. बारावरून अकरावर आल्या तर तास वाढवण्यात अर्थ नाही, रियाजाची पद्धत बदला.

जुना लष्करवाला

सगळं वाचलं. हिशेब चोख आहेत. पण मूळ गोष्टीवर कोणी बोट ठेवत नाही, ख्याल दहा मिनिटांत बसवायची वस्तू नाही. अष्टांगाची गायकी म्हणतो आपण. आलाप-बोलआलापापासून लयकारी-तानांपर्यंतचं सगळं घंटीच्या आत कोंबलं की त्याचं पॅकेट होतं. ४० सेकंद औचार, अमुक आवर्तनं स्थायी, तमुक ताना. मुलगी हेच शिकेल आणि पुढे तासाभराची बैठक मिळाली तर अकराव्या मिनिटाला तिच्यापाशी काही उरणार नाही.

या गावाला चढाओढीचा इतिहास नवा नाही. हस्सू खाँ आणि बडे मोहंमद खाँ या जुन्या ख्यालगायकांची आख्यायिका ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भर दरबारात चढाओढीपायी हस्सू खाँनी कडकबिजली ही अवघड तान घेतली, आग्रहाखातर पुन्हा घेतली आणि ते त्यातच गेले. खरंखोटं देव जाणे. पण गोष्ट टिकली ती उगाच नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित १८९३ साली जन्मले आणि १९८९ पर्यंत जगले. त्यांच्या गाण्याला किती मिनिटांची मर्यादा घालणार होतात? भातखंड्यांनी १९१८ साली इथे माधव संगीत विद्यालय उभं केलं तेव्हा परीक्षा होत्या, मान्य. पण परीक्षेत शंभरातले पन्नास मिळाले की सगळेच पास होतात. स्पर्धेत चाळीसांतल्या सदतिसांना नापासाचा शिक्का.

दोन वर्षं एकही स्पर्धा नको, हे माझं मत. घरात महिन्याला एक बैठक ठेवा. पाच माणसं जमली तरी खूप.

तिलवाडा सोळा

जुने लष्करवाले, पॅकेटचा धोका मान्य. बैठकीचा सल्लाही शंभर टक्के मान्य, फक्त ‘ऐवजी’ नको, ‘बरोबर’ म्हणा. दहा मिनिटांची आखणी करायला शिकणं म्हणजे लांबी ओळखणं. आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण असो की तीन मिनिटांची जुनी तबकडी, वेळ मोजून गाणारे मोठे लोक आपल्याकडे पूर्वीही होते. तीन मिनिटांच्या तबकडीत बुजुर्गांनी स्थायी, अंतरा, आलाप, ताना सगळं बसवलं आहे, आणि त्याला कोणी पॅकेट म्हणत नाही.

हस्सू खाँच्या गोष्टीतून मी मात्र दुसरंच घेतो. तान एकदा जमली होती, पुन्हा घ्यायला नको होती.

घसा आणि कान

दोन मुद्दे राहिले.

पहिला, मेहनतीने नुकसान होऊ शकतं. आवाज बसलेला असताना ‘रियाज मोडायचा नाही’ म्हणून गाणं हा ग्वाल्हेरी हट्ट आहे, तो सोडा. स्वरतंतूंवर सतत दाब पडला की त्यांच्या कडेला गाठी येतात. त्यांचं लक्षण म्हणजे सकाळचा आवाज घोगरा, वरच्या सुरांत हवा मिसळलेली, पूर्वी सहज लागणारा तार गंधार ढकलून लावावा लागणं. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या पुढे गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. हळदीचं दूध आणि ज्येष्ठमध यांवर भागवू नका. तानसेनच्या कबरीशेजारच्या चिंचेची पानं चघळायला माझी हरकत नाही, त्यांनी निदान तोटा होत नाही.

ज्यांच्या घरी मुलगे गातात अशा पालकांसाठी : तेरा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो तेव्हा जुनी पट्टी धरून ठेवू नका. सहा-आठ महिने मधल्या सप्तकात, हलक्या आवाजात, स्वर खाली आणून गाऊ द्या. त्या काळात स्पर्धा नकोत. आधी बक्षिसं मिळवणारा मुलगा त्या वर्षी मागे पडला तर मेहनत कमी झाली असं समजून त्याला दटावू नका.

दुसरा मुद्दा स्पर्धेच्या दिवसाचा. आदल्या दिवशी अर्धा तासच गाणं, तेही मध्य सप्तकात. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरची सकाळ चांगलीच गार असते. गरम कपडा गळ्याभोवती असतोच, पाणी मात्र प्यायलं जात नाही. कोमट पाणी घोटघोट, दोन तास आधीपासून. शेवटच्या पाच मिनिटांत ढसाढसा प्यायलेलं पाणी पोटात जातं, स्वरतंतूंना लगेच उपयोग होत नाही.

तबला आणि तानपुरा आतल्या उबदार खोलीत लावून थंड मांडवात नेले तर सूर हलतात. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो, दिव्यांच्या झोतात किंवा मेच्या कोरड्या उन्हात चढतो. म्हणून मांडामांडीच्या पाच मिनिटांतली दोन फक्त मिळवणीची. तबलजीला लय तोंडी सांगू नये, मुखडा एकदा गुणगुणून दाखवावा. ‘जरा विलंबित’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक तबलजीचा वेगळा.

क्रमांक चिठ्ठीने लागतो, तेव्हा गळा कधी तापवायचा हे आधी ठरवता येत नाही. पहिला क्रमांक आला तर दहा मिनिटांत तयार होता आलं पाहिजे आणि तिसावा आला तर पाच-सात तास आवाज टिकवता आला पाहिजे. गांधारीताईंचा पाच मिनिटं तापवून पहिला टेक यासाठीच उपयोगी. वाट बघताना बाकीच्यांचं गाणं ऐकत मनातल्या मनात गाऊ नये, गळा नकळत तेवढाच दमतो. सभागृहाबाहेर बसवा.

दौलतगंजची मावशी

बाबांनी आणि आजोबांनी दोघांनीही वाचलं. आजोबा चढ्या गंधाराच्या ओळीवर बराच वेळ थांबले होते.

तर ठरलं असं : ताना पंचवीस मिनिटं, तिलवाडा, पहिला टेक बुधवारी आणि रविवारी, महिन्याला एक घरगुती बैठक. राग उरला. वर्षभर तालीम झालेले चार आहेत : पूरिया, भूप, बिहाग, अल्हैया बिलावल. भूप सोपा म्हणून घ्यावा का? स्पर्धा सकाळी दहाला सुरू होते.

गांधारी

भूप सोपा नाही, सूर कमी आहेत एवढंच. घाबरून धैवतावर रेंगाळली की देशकार हा दुसराच राग होतो, म्हणजे पूरिया-मारव्याचीच कथा. बिहाग तिच्या गळ्याला छान बसेल, पण तो रात्रीचा. संयोजकांना आधी फोन करून रागसमय बघतात का ते विचारा. बघत असतील तर अल्हैया बिलावल. सकाळचा, ग्वाल्हेरकरांच्या हातचा, आणि दहाच्या सत्रात तो गाणारे फार नसतील. मात्र अल्हैयातला कोमल निषाद अवरोहात, दोन धैवतांच्या मधे, तेवढ्यापुरताच. तो तानेत सरळ घुसला तर राग गेला. पहिल्या टेकच्या वहीत त्याच्यासाठी चौथा रकाना काढा.

तिलवाडा सोळा

आणि अल्हैयात पंचम आहे, तेव्हा तानपुऱ्याची तार आता पंचमावरच राहू द्या.